दोन वाजताचा हुंकार

१

गोष्ट सांगणाऱ्याचं नाव होतं, हुंकार देणाऱ्याचं होत नाही. पण सांगणारा कितीही पट्टीचा असो, समोरून वेळेवर 'हूं' आला नाही, की त्याची गाडी रुतलीच समजा. हुंकार लवकर आला तर सांगणारा घाईला येतो, उशिरा आला तर त्याला वाटतं, आपलं काही चुकलं. फुलसावंगीपासून दीड कोसावरच्या तांड्यात धावजी नावाचा म्हातारा होता, त्याला हे काम बरोबर साधे. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. पण तांड्यात कोणी जुनी कथा लावली, की आधी निरोप धावजीला जाई. तो येऊन मांडी घालून बसला, डोळे अर्धे मिटले, की सांगणाऱ्याला धीर येई.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर हे काम त्याला रोजचं लागलं. दुपारची भाकर खाऊन तो निघे, तुरीच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं सावकाश चालत तीनच्या सुमाराला डायरेक्टरच्या घरी पोचे.

डायरेक्टर म्हणजे रामराव पाचकोर. गावातल्याच शेतकऱ्याचा पोरगा. एकोणिसाव्या वर्षी घरातून पळाला आणि मुंबईत जाऊन त्यानं साडेतीन पिक्चर काढले. एकाला परदेशात बक्षीस मिळालं. एकाची रीळं त्यानं स्वतःच विहिरीत टाकली, कारण पैसेवाल्यानं त्यात गाणं घालायला सांगितलं. सगळ्यांशी भांडून झाल्यावर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कंबर धरून आणि पिक्चरचे पत्र्याचे डबे घेऊन तो बहिणीच्या शेतातल्या घरी येऊन राहिला. बहीण विमलताई विधवा. दोन खोल्या, वर टिनं, मागे तुरीचं वावर आणि वावर संपलं की टेकडी.

पुण्याच्या कोण्या पुस्तकवाल्यानं त्याला म्हटलं, साहेब, आत्मचरित्र लिहा. हाताला कंप, म्हणून मोबाइलमध्ये बोलायचं ठरलं. पहिल्या दिवशी डायरेक्टर मोबाइलपुढे अर्धा तास बसला आणि घामाघूम होऊन उठला.

"हे डबडं हूं म्हणत नाही," तो बहिणीला म्हणाला. "त्या धावजीले बलाव."

साडेतीनातला उरलेला अर्धा पिक्चर सांगायचा राहिला. तो बेचाळीस वर्षांपूर्वी इथंच, याच टेकडीच्या पायथ्याशी काढला होता, तांड्यातलीच माणसं घेऊन. तो पुरा झाला नाही. त्यात धावजीचा धाकटा भाऊ बादल होता. बावीस वर्षांचा. शूटिंगच्या सहाव्या दिवशी तो सकाळी गेला, तो घरी आला नाही. पुसदला पाहिलं, महागावला पाहिलं, आठ दिवस टेकड्या पायाखाली घातल्या. डायरेक्टर तेव्हा म्हणाला, पोरगा मुंबईला गेला असन, त्याले मी नाद लावला, माह्यीच चूक. याडी, म्हणजे त्यांची आई, पुढची अकरा वर्षं मुंबईच्या पत्राची वाट पाहत राहिली आणि मग तीही गेली.

एक गोष्ट धावजीनं याडीलाही कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी डायरेक्टरनं बोलावलं होतं धावजीला. धावजीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. म्हणून तो बादलला म्हणाला, "जाय, तू जाय. नुसतं चालाचं तं हाये."

म्हणून धावजी रोज जाई. आत्मचरित्र जन्मापासून सुरू झालं होतं. कधी ना कधी त्यात त्या सहाव्या दिवसाचा नंबर लागणारच.

बायको बिजलीबाई रोज टोचायची. "भाऊ गेला त्याच्यापायी. अन् तुमी त्याच्याच पुढं बसून हूं हूं करून राह्यले. लाज नाही वाटत?"

"आयकाले जातो," धावजी म्हणे.

"बेचाळीस सालात तुमाले एक सवाल नाही इचारता आला?"

"इचारलं तं तो आपल्या मनचं सांगन. कथेच्या ओघात येऊ दे. ओघात माणूस खोटं बोलत नाही."

२

आता ओघात माणूस खोटं बोलत नाही, हे काही पूर्ण खरं नव्हतं. डायरेक्टर बक्कळ खोटं बोलायचा. पण त्यात एक गंमत होती, ती धावजीच्या ध्यानात तीन-चार दिवसांत आली.

लहानपणीचं सांगताना तो म्हणाला, "जत्रेत तंबूतला सिनेमा येये. माह्या बापानं मले तिकीट काढून पुढच्या रांगेत बसवलं..." इथं तो थांबला. धावजीनं हूं दिला होता. तरी डायरेक्टर खाली पाहत राहिला, जसा मास्तरनं कान धरलेला पोरगा. मग म्हणाला, "नाही. तिकीट नव्हतं. पडद्याच्या मागच्या अंगानं फुकट बसलो. तिकून सगळं उलटं दिसे. राजा डाव्या हातानं तलवार चालवे. मले मोठा होईस्तोर वाटे, राजे लोक डावरेच असतात."

आणि तो हसला. धावजीही हसला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "त्या हिरोच्या मी सगळ्यांसमोर थोबाडीत मारली." थांबला. "नाही. त्यानं माह्या मारली."

धावजीला वाटलं, म्हातारपणी माणूस सुधारतो, तसा हा सुधारून राहिला.

बोललेलं सगळं टाइप करायचं काम संगीताकडे होतं. ती तांड्यातलीच, देवीलालची पोरगी. महागावला टायपिंगच्या दुकानात कामाला. एका सकाळी ती सेवालाल महाराजांच्या ओट्यावर आटोची वाट पाहत बसली होती. धावजीला पाहून तिनं हाक मारली.

"काका, तुमच्यासंग अजून कोन बसते तिथं?"

"कोनी नाही. मी अन् साहेब. ताई तिकडं चुलीपाशी."

"मंग हे कोन होय?"

तिनं कानात घालायचं ते बोंड काढून त्याच्या कानात घातलं. धावजीला आधी डायरेक्टरचा आवाज ऐकू आला, बापाच्या सरणाची गोष्ट. बापाला आग द्यायची सोडून हा कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि आग धाकट्या भावानं दिली, ती. प्रत्येक वाक्यानंतर धावजीचा हूं. स्वतःचा आवाज त्याला परक्या माणसासारखा वाटला.

"आता नीट आयका. तुमच्या आधी."

त्यानं डोळे मिटले. वाक्य संपायला दोन शब्द बाकी असताना, दुरून, हलका, एक हूं आला. मग वाक्य संपलं. मग धावजीचा.

पुढच्या वाक्यालाही तसंच. त्याच्याही पुढच्या.

"टिनाचं घर हाये, पोरी. घुमत असन."

"घुमलेला आवाज मागून येते का पुढून, काका?"

धावजीनं विचार केला. विहिरीत हाक मारली तर परत येते ती नंतर येते. आधी येणारी हाक त्यानं कुठं ऐकली नव्हती.

"अन् अजून पाहा," संगीता म्हणाली, "जिथं हा पह्यला हूं येत नाही ना, तिथं साहेब आपलं वाक्य बदलवतात. मी तं टाइप करता करता वळखते आता. हूं नाही आला, की मी मनाशी म्हणते, थांब संगीता, हे खोडा लागते."

आटो आला. ती बोंडं गुंडाळून हसतच चढली. तिच्या मनात काही नव्हतं. मशीनचा बिघाड, दुसरं काय.

धावजी तिथंच बसून राहिला. वाक्य संपायच्या आधी हुंकार कोण देतो? ज्याला ती गोष्ट आधीच ठाऊक आहे, तो.

३

त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे तीनला पोचला. त्याची बसायची जागा दाराशी, बारदानावर. डायरेक्टर खाटेवर, भिंतीला टेकून. मधे स्टुलावर मोबाइल. मागच्या खोलीचं दार उघडंच असे, तिथं ते पत्र्याचे डबे एकावर एक रचले होते. जुन्या रीळांना एक आंबूस वास सुटतो, जसा खराब झालेल्या लोणच्याच्या बरणीला. आज तो वास जरा जास्त होता. टिनं उन्हानं तापली, की मधूनच कडकड वाजत. एवढं सोडलं तर आवाज नाही.

धावजीनं ठरवलं होतं, आज हूं द्यायचा नाही.

डायरेक्टर सुरू झाला. "लोक मले पागल म्हणत. काहून, तं मी शूटिंगमधे कट म्हणत नव्हतो."

धावजी गप्प.

डायरेक्टर जरासा थांबला. मान हलवली. पुढे गेला. "कट म्हटलं की माणूस नाटक सोडते. अन् मले तं तेच पाह्यजे होतं, नाटक सोडल्यावरचा माणूस. मी कॅमेरा चालूच ठेवो. समोरच्याले समजे नाही, का संपलं का नाही. मंग त्याच्या तोंडावर जे येये ना, धावजी..."

धावजी गप्प. त्याच्या घशात हूं आला होता, तो त्यानं गिळला. इतक्या वर्षांची सवय, गिळताना दुखलं.

डायरेक्टर थांबला. मान हलवली. पुढे गेला.

तासभर असं चाललं. खोलीत धावजीला दुसरा आवाज एकदाही आला नाही. पण डायरेक्टर कुठंही अडला नाही, की 'काहून रे, झोपला का?' असं म्हणाला नाही. त्याची गाडी रुतली नाही.

चहा घेऊन विमलताई आली. कप देताना म्हणाली, "धावजीभाऊ, आजकाल लवकर येता तुमी. मले आवाज देत जा ना. मी तं आपली तुरीच्या शेंगा निसत बसते. चहाबी उशिराच होते."

"मी तं तीनलेच येतो, ताई."

"काय तीनले! दोन वाजतापासून दादाचं सांगनं चालू असते. अन् तुमचं हूं हूं. मले चुलीपाशी बसून आयकू येते ना, बाप्पा. मी काय बहिरी हावो?"

धावजीनं डायरेक्टरकडे पाहिलं. डायरेक्टर बशीत चहा ओतत होता. सगळं लक्ष बशीत.

४

घरी परत येताना धावजीनं आपल्या मनाला समजावलं. विमलताईचं वय झालं. म्हाताऱ्या माणसाला दुपार काय, सकाळ काय. आणि डायरेक्टर एकटाच बडबडत असेल, नटांची सवय असते तशी. स्वतःच सांगायचं, स्वतःच हूं म्हणायचं. आवाज बदलून. हेच खरं असलं पाहिजे.

पण मग दुसरी गोष्ट त्याच्या मनात आली, आणि ती हुंकारापेक्षा वाईट होती.

दोन महिने तो बसला होता. जन्म झाला, तंबू झाला, मुंबई झाली, बापाचं सरण झालं, पहिला पिक्चर झाला, दुसरा, तिसरा. परवा एकदम म्हातारपण सुरू झालं. मधला तो टेकडीखालच्या शूटिंगचा हिवाळा कुठं गेला? डायरेक्टरनं तो गाळला नव्हता. गाळणारा माणूस तिथं अडखळतो, आणि हा अडखळला नव्हता. ती जागा सांगून झाल्यासारखी तो पुढे गेला होता.

म्हणजे सांगून झाली होती. दोन वाजता. धावजीला सोडून.

"काय झालं?" भाकर वाढताना बिजलीबाईनं विचारलं. "तोंड पांढरं पडलं तुमचं."

"उद्या लवकर जा लागते."

"कायले?"

"माह्या वाटचं कोनी दुसराच आयकून राह्यला."

तिला वाटलं, म्हातारा रुसला. ती म्हणाली, "रुसाचं असन तं घरी बसा." आणि कांदा फोडून ताटात टाकला.

५

दुसऱ्या दिवशी तो दीडलाच पोचला. दारातून न जाता घराला वळसा घालून मागच्या खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत टेकला. खिडकी उंच होती, आतलं दिसत नव्हतं. समोर तूर पिवळ्या फुलांनी भरलेली, तिच्यावर माशा. पलीकडे टेकडी. उन्हात सगळं लख्ख. भ्यायचं काही कारण नव्हतं.

दोन वाजता आतून डायरेक्टरचा आवाज सुरू झाला. धावजीशी बोलायचा तसा नाही. हळू, एकेक शब्द तपासून, रोजचा पाठ पुन्हा म्हणावा तसा.

"तुले म्हटलं, या वावरातून टेकडीवर चाल. मागं पाह्यजो नको. मी थांब म्हणतो, तवा थांबजो. तू म्हणाला, भाऊच्या पायात काटा हाये म्हणून मी आलो. मी म्हटलं, चालन."

हूं.

धावजीच्या डोक्यावर, खिडकीच्या आत. हलका. तरुण माणसाचा.

"तू चालला. लय झकास चालला. चालाचं नाटक नाही, खरंखुरं चालनं. तू माथ्यापाशी गेला अन् रीळ संपली. तेवढ्यात ढग आला. मले उजेडाची घाई. मी नवी रीळ भरली, कॅमेरा फिरवला अन् इकडं पाण्यावर आलेल्या बायांचा शॉट घेतला. तू ध्यानातून गेला."

हूं.

"राती जेवताना एक ताट उरलं. तवा आठवलं."

टिनं कडकडली. धावजीनं टाच जमिनीत रोवली. काटा होता ती टाच.

"सकाळी एकटाच टेकडीवर गेलो. पावलं दिसत होती. सारख्या अंतरावर. कुठं घाई नाही, कुठं थांबला नाही. माथ्यावरून पलीकडं उतरली होती. मी हाका नाही मारल्या. हाक मारली असती तं लोक जमा झाले असते अन् पिक्चर बंद पडलं असतं. मी खाली आलो अन् सांगतलं, पोरगा मुंबईले गेला."

इथं हूं यायला वेळ लागला. पण आला.

एवढंच होतं. बेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते एवढंच. कोणी मारलं नव्हतं, कोणी पळवलं नव्हतं. एक माणूस सांगितलेलं काम करत राहिला, आणि सांगणारा विसरला. धावजीला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याला फक्त राहून राहून वाटत होतं, हे आपल्याला सांगितलेलंच नाही.

मग आत डायरेक्टर म्हणाला, "माह्यं संपलं. आता तू सांग, काल राह्यलं तिथून."

खोली शांत झाली. एक लांबलचक वाक्य मावेल एवढी. आणि मग डायरेक्टर म्हणाला, "हूं."

पुन्हा शांतता. पुन्हा डायरेक्टरचा "हूं."

धावजीनं आयुष्यभर हेच काम केलं होतं. खोटा हुंकार आणि खरा हुंकार त्याला झोपेतही कळला असता. पोकळीला दिलेला हूं पोकळ येतो. हे तसे नव्हते. एक हूं नवलाचा होता, एक कीव आल्याचा. मग एक असा आला, की तो देणाऱ्याचा घसा कोरडा पडला होता. आत कोणीतरी सांगत होतं, आणि चांगलं सांगत होतं. धावजीला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

त्यानं कान भिंतीला लावला. भिंत ऊन होती. आत माशीचासुद्धा आवाज नाही. हूं. मग पुन्हा ती वाक्याएवढी शांतता. हूं.

तीन वाजता ते थांबलं.

६

तो पुढून आत गेला. डायरेक्टर खाटेवर बसला होता. एका दिवसात त्याचे गाल आत गेल्यासारखे दिसत होते.

"ये. आज काही सांगाचं नाही. माह्यं पुस्तक झालं."

धावजी बारदानावर बसला. मग उठला आणि जरा बाजूला, नुसत्या फरशीवर बसला.

"साहेब, बादलचा नंबर?"

"तो झाला."

"मले नाही सांगतला."

"तुले सांगाचा नव्हता. ज्याचा होता त्याले सांगतला." डायरेक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू होता ना खिडकीखाली? त्यानं सांगतलं, भाऊ आला म्हणे."

धावजीनं दोन्ही हात फरशीवर टेकले. तरी तो सावकाश माणूस, सावकाशच बोलला. "बुढी अकरा साल दारात बसली होती, साहेब."

"म्हाईत हाये."

"तुमाले एक शब्द बोलाचा होता. थांब."

"हो."

शिव्या धावजीला येत नव्हत्या. माणूस समोर होता, गुन्हा कबूल करत होता आणि बशीसारखा पातळ दिसत होता. धावजीला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते विचारायची त्याला लाज वाटली. तरी विचारलं.

"तो काय सांगते?"

डायरेक्टरच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. धंद्याची हाव म्हणा. "साठ साल पिक्चरच्या मागं घातले मी, धावजी. असं कोनी सांगू शकते, मले ठावं नव्हतं. माथ्याच्या पलीकडं उतरला, तिथून सुरू केलं त्यानं. रोज थोडं थोडं. आता एका जागी येऊन थांबला. म्हणते, हितून पुढचं बसून नाही सांगता येत. पुढचं आयकाचं असन तं संग चाला लागते."

"तुमी काय म्हणाले?"

डायरेक्टर उठला, खाटेखालच्या चपला पायानं आत सरकवल्या. "तू आता येऊ नको," तो म्हणाला. मग, पाठमोराच, "त्यानं तुलेबी इचारलं हाये. मी सांगतलं, त्याले नको नेऊ."

७

बिजलीबाईनं दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला अडवलं नाही. पुस्तक संपलं म्हणाले ना, मग कायले जाता, एवढंच विचारलं. धावजी म्हणाला, डब्बा राह्यला माह्या तंबाखूचा. डबा त्याच्या खिशातच होता.

दारात विमलताई उभी होती, हाताला पीठ तसंच. "धावजीभाऊ, दादा आत्ताच मागून वावरात गेले. पायात काही नाही. मी हाक मारली, तं हात दाखवला असा, का बोलू नको. कोन होतं संग?"

"कोन होतं, ताई?"

"मलेच इचारता? मले वाटलं, तुमीच हाये."

तो घराच्या मागे गेला. तुरीतून टेकडीकडे पायवाट जाते, एका माणसापुरती. डायरेक्टर बराच पुढे गेला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कंबर धरून चालणारा माणूस, आज हात मोकळे सोडून चालत होता. चाल एकसारखी. पण तो वाटेच्या मधून चालत नव्हता. डाव्या अंगाला, तुरीत शिरून, फांद्या अंगावर घेत चालला होता. वाटेची उजवी बाजू मोकळी होती. त्याची मान त्या मोकळ्या बाजूला कललेली, जशी शेजारच्याचं ऐकताना कलते. वारा नव्हता. तरी वाटेच्या उजवीकडची पिवळी फुलं, तो जसजसा पुढे जाई तसतशी, हलून गळत होती.

"साहेब!" धावजीनं हाक मारली. "थांबा!"

डायरेक्टर थांबला नाही. त्याचा हूं मात्र आला, दुरून, अगदी स्पष्ट. मग वाक्याएवढी शांतता. मग हूं.

धावजी धुऱ्यावर उभा राहिला. तो त्याचा भाऊ होता. काय झालं त्याचं पुढं, कुठं निजला, काय खाल्लं, कोणाला भेटला, भावाला शिव्या घातल्या की नाही, हे सगळं त्या तुरीत, हाकेच्या अंतरावर, कोणीतरी सांगत होतं. आणखी दहा पावलं गेलं, तर ऐकू आलं असतं. त्यानं पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला त्याच्या कानावर काहीतरी आलं. शब्द नाही अजून. शब्दाच्या आधी सांगणारा श्वास घेतो ना, तो. आणि त्या पाठोपाठ, तांड्याच्या गोरबोलीत, ओळखीच्या हेलात, थोरल्या भावाला मारायची ती हाक: "भिया..."

धावजी जिथं होता तिथं मटकन खाली बसला. धुऱ्याच्या मातीत. दोन्ही तळहात त्यानं कानांवर दाबले, इतके की कानातलं रक्त वाजायला लागलं. डोळेही मिटले. याडीचं नाव घेतलं, सेवालाल महाराजांचं घेतलं. बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येईना. त्याला जरा बरं वाटलं. आता तो किती का सांगेना.

विमलताई पिठाचे हात पुसत मागून आली, तेव्हा टेकडीवर कोणी नव्हतं. धावजी तसाच बसला होता, हात कानांवर, डोळे गच्च. ती जवळ गेली. "धावजीभाऊ," म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही.

ती त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होती, तो तिनं तसाच मागे घेतला. त्याचे ओठ मिटलेले होते. पण थोड्या थोड्या वेळानं, एक वाक्य मावेल एवढं थांबून, त्याच्या छातीतून आवाज येत होता.

"हूं."